तुकडा एवढासा, मग चार दिवस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी (म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या) प्रयोगशाळेच्या खिडकीशी बायोप्सीची बाटली देऊन पावती घेणारा जवळजवळ प्रत्येक नातेवाईक हाच प्रश्न विचारतो: रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग या नखाएवढ्या तुकड्याला चार दिवस कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मागे रांग उभी असते आणि उत्तर लांबलचक आहे.

शरीरातून काढलेला तुकडा तसाच ठेवला, तर त्यातल्या पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळू लागतात. ते थांबवायचे काम बाटलीतले फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण, करते. १८९३ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्लुम हे जंतुनाशक म्हणून फॉर्मॅल्डिहाइड वापरून पाहत असताना त्यांच्याच बोटांची कातडी कडक झाली, आणि ऊती टिकवण्याचा उपाय हाती आला. मात्र हे द्रव तुकड्यात साधारण तासाला एक मिलिमीटर एवढ्याच चालीने शिरते, शिवाय ते तुकड्याच्या निदान दहापट असावे लागते. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ किंवा नुसत्या सलाइनमध्ये आलेला तुकडा पाहिला की माझा जीव खालीवर होतो, कारण आत जे बिघडले ते पुढे कोणालाच सुधारता येत नाही. मोठी गाठ आली तर ती चिरून, आतपर्यंत फॉर्मॅलिन पोहोचावे म्हणून, रात्रभर ठेवावीच लागते.

त्यानंतर डॉक्टर तिच्यातले नेमके भाग निवडून प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये घालतात आणि ती कॅसेट रात्रभरासाठी प्रोसेसर यंत्रात जाते. तुकडा पातळ कापण्यासाठी त्याच्या अंगात मेण मुरावे लागते. पण पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने आधी पाणी काढायचे, झायलीन या द्रावकाने अल्कोहोल काढायचे आणि मग साठ अंशांच्या आसपास वितळवलेले पॅराफिन मेण आत जाऊ द्यायचे. येथे घाई केली की मध्यभाग लिबलिबीत राहतो. हाड असेल तर त्याआधी आम्लात ठेवून त्यातले कॅल्शियम काढावे लागते, त्यात आणखी काही दिवस जातात.

सकाळी मेणाचे ब्लॉक तयार होतात आणि माझे खरे काम सुरू होते. बर्फावर गार केलेला ब्लॉक मायक्रोटोमला, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्राला, लावून चाक फिरवले की पात्यावरून चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाहूनही पातळ, काप एकाला एक चिकटून रिबनसारखे बाहेर येतात. ती रिबन ओल्या ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या आपोआप पसरू द्यायच्या आणि काच तिरकी खाली नेऊन काप अलगद वर घ्यायचा. जोराने श्वास सोडला तरी रिबन उडते, त्यामुळे पंखा बंद आणि बोलणेही बंद. नवी असताना जठराची बायोप्सी असलेला एक ब्लॉक समतल करायच्या नादात मी तो जास्तच खरवडला होता. टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या तुकड्यातला अर्धा ब्लॉकच्या भुश्यात गेला. सुदैवाने उरलेल्यावर निदान झाले, परंतु त्या दिवसापासून लहान बायोप्सीला मी चाक मोजून फिरवते.

मग रंग. काप मेणमुक्त करून पाण्यापर्यंत आणायचा आणि हिमॅटॉक्सिलिनमध्ये बुडवायचा. हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो, पण तो एकटा पेशींना धरत नाही. त्याला तुरटीची जोड लागते. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी जी युक्ती वापरत आले, तीच ही. जास्तीचा रंग आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये काही क्षण बुचकळून काढला आणि काच वाहत्या नळाखाली धरली की लालसर केंद्रके डोळ्यांदेखत निळी होतात, कारण त्यासाठी पाणी किंचित अल्कधर्मी असावे लागते. आमच्याकडचे जड पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. या कामाला मात्र ते उत्तम. शेवटी इओसिन या दुसऱ्या रंगाने बाकीचा भाग गुलाबी होतो. हे सगळे तासाभरात आटोपते, म्हणजे चार दिवसांतला रंगवण्याचा वाटा अगदीच थोडा.

‘शस्त्रक्रिया चालू असताना तर वीस मिनिटांत सांगतात,’ असेही कोणी म्हणते. ते फ्रोझन सेक्शन. त्यात तुकडा गोठवून कापतात. परंतु बर्फाचे कण पेशींची रचना विस्कटतात, म्हणून सर्जनला त्या वेळी हवे तेवढेच उत्तर त्यावर देतात आणि उरलेला तुकडा नेहमीच्या मेणाच्या वाटेनेच जातो.

चौथ्या दिवशी ‘उद्या या’ म्हटले की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. काहीतरी वाईट निघाले, असेच त्यांना वाटते. पुष्कळदा डॉक्टरांनी ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप मागितलेले असतात, किंवा क्षयाचे जंतू शोधण्यासाठी झील-नील्सन हा वेगळा रंग लावायला सांगितलेला असतो, आणि त्यांचा ब्लॉक पुन्हा माझ्या बर्फावर गार होत असतो.