घाटात ओढेना झाली

रविवार, रात्री साडेदहा

धाकटा परत गेला त्याला आठ दिवस झाले. जेजुरीला जाताना तो जे बोलला ते मात्र अजून डोक्यातून जात नाहीये. दिवे घाट लागला, त्याने गाडीचा दुसरा गिअर टाकला, पाय दाबला आणि म्हणाला, "दादा, ही ओढत नाहीये रे."

एवढंच. टोमणा नव्हता त्यात. तीन वर्षांनी हातात घेतली होती त्याने गाडी, आणि पहिल्या वळणाच्या आत त्याला कळलं. मी रोज चालवतो. मला कसं कळलं नाही?

बाबांनी २००१ साली घेतलेली होंडा सिटी व्हीटेक. १.५ लिटर, १०६ बीएचपी. घाटात बाबा काटा पाच हजारांच्या पुढे न्यायचे, इंजिनाचा आवाज एकदम पालटायचा, आणि आई मागून म्हणायची, "अहो, हळू." तो आवाज मी शेवटचा कधी ऐकला? बसून आठवलं, नाही आठवत.

वाईट वाटायचं ते आणखी एका गोष्टीचं. मी काय कमी केलं तिचं? प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, रजिस्ट्रेशन वाढवायला संगम पुलाच्या आरटीओत खेटे घातले. एका वर्कशॉपने 'वय झालंय तिचं, इंजिन उघडावं लागेल' म्हणून मोठा आकडा लिहून दिला. तो कागद खिशात घालून घरी आलो आणि जेवलोही नाही धड. सगळं माझ्याच गळ्यात का, असंही वाटून गेलं. जाऊ दे.

नाना पेठेतल्या मिस्त्रींनी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं. चारही सिलिंडर १७५ ते १८० पीएसआय, म्हणजे ठणठणीत. "इंजिन उघडायचं नाव काढू नका," म्हणाले. मग डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. जुनं इंजिन थोडं थोडं ऑइल खातं, हे मला माहीत होतं. माहीत असून बघत नव्हतो. मग त्यांनी इंजिनाच्या वरच्या भागावरचा व्हीटेकचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा ऑइलचा व्हॉल्व, खोलला. दहाचे तीन बोल्ट. त्याच्या गॅस्केटमध्येच (पॅकिंगमध्ये) एक बारीक जाळी असते, नखाएवढी. काळ्या चिकट गाळाने पार बुजलेली. त्यांनी ती दारातल्या उजेडाकडे धरली, एका भोकातूनही उजेड येईना.

व्हीटेकचा सगळा खेळ ऑइलच्या दाबावर. आरपीएम वाढले की सोलेनॉइड ऑइलला वाट देतो, त्या दाबाने रॉकरमधली, म्हणजे व्हॉल्व ढकलणाऱ्या दांड्यातली, पिन सरकते, आणि इंजिनाचे व्हॉल्व मोठ्या कॅमवर (उंचवट्यावर) चालायला लागतात: जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. दाब पोचला नाही तर पिन जागची हलत नाही. गाडी बंद पडत नाही, खडखडत नाही, सिग्नलला शहाण्यासारखी उभी राहते. वरचा जोर तेवढा गेलेला असतो.

"चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता का?" मिस्त्रींनी विचारलं.

लागायचा. एक्सप्रेसवेला जोरात काढली की लागायचा, बंद करून परत चालू केली की जायचा. पुढे लागेनासाच झाला. मला वाटलं, आपोआप बरी झाली. आज हिशोब लागला: मीच तिला चार हजारांच्या वर न्यायचं सोडलं होतं. वरचा जोर कुणी मागितलाच नाही, तर दिवा लागेल कशाला? आणि मी ते कधी सोडलं, तेही आता कळतंय. बाबा गेले त्या पावसाळ्यानंतर.

पण त्या वर्षांत तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. मलाही तेव्हा तेवढीच गाडी झेपत होती बहुतेक.

नवी गॅस्केट, ऑइल, फिल्टर. बिल साडेचार हजारही झालं नाही. सुटलेला गाळ निघून जावा म्हणून हजार किलोमीटरवर ऑइल परत बदलायला सांगितलंय. डिपस्टिक आता दर रविवारी.

आज पहाटे आईला घेऊन सासवडला निघालो. घाट मोकळा होता. दुसरा टाकला, पाय दाबला. चार हजार. साडेचार. मग तो आवाज आला, आणि पाठ सीटला टेकली.

मागून आई म्हणाली, "हळू रे."

मी पाय काढला नाही. पुढच्या वळणापर्यंत तरी नाही.