पहिली एमटीबी (माउंटन बाइक) घेताना

दहा वर्षं मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटे चालायला जातेय. खाणीच्या बाजूने सायकलवाले मुरमाच्या वाटेवरून सुसाट उतरताना दिसले की पोटात गोळा यायचा आणि हेवाही वाटायचा. गेल्या दिवाळीत ठरवलं, आता आपणही घ्यायची. बजेट 45 हजार, हेल्मेटसकट.

पहिल्या दुकानात पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल दाखवली, 20 हजारांत. दिसायला एकदम दणकट, पण पायरीवरून उचलायला गेले तर उचलेचना. चालवून पाहिली तेव्हा दर पेडलला मागचा शॉकअप खालीवर, पायातला जोर स्प्रिंगच खात होती. एवढ्या पैशांत मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन, हे माझं ठाम मत आहे. घ्यायची तर हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन.

खरा घोळ मापाचा. माझी उंची 5 फूट 4 इंच. दुसऱ्या दुकानात एम मापाची शिल्लक होती. "ताई, सीट खाली करून देतो ना." अहो, सीट खाली येईल, पण दांडा? दांडा मध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले तर मध्ये बोटभर जागा उरेना. उतारावर झटकन पाय टाकायची वेळ आली तर मार बसणारच. शिवाय हँडल धरताना खांदे ताणले जात होते. तीन आठवडे थांबले, पण एस मापाचीच घेतली, 27.5 इंची चाकांची.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकसाठी सहा हजार जास्त मोजले. त्याचा पश्चात्ताप नाही. लांब उतारावर एका बोटाने ब्रेक लागतो, हाताला रग लागत नाही.

दुकानातून चाकांत 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून मिळाली होती. पहिल्या दिवशी खडीवर सायकल नुसती उडत होती, दात वाजत होते. टेकडीवरच्या एका काकांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "दगड झालाय बाळा, हवा सोड." 30 वर आणली, तसा टायर मातीला धरून चालायला लागला. तेवढ्यासाठी दाब दाखवणारा गेज असलेला पंप घेतला.

गेल्या रविवारी खाणीजवळचा उतार पहिल्यांदा पाय न टेकवता उतरले. मनगटं थरथरत होती. पाणी प्यायले, सायकल वळवली आणि पुन्हा वर चढवली.