साठ वॉट आणि एक गोधडी

बेस गिटार वाजवली की माझ्या अ‍ॅम्पमधून खरखर यायची. महिनाभर त्या खरखरीचं खापर मी आधी केबलवर, मग गिटारच्या पिकअपवर (तारांची कंपनं टिपणारा भाग) आणि शेवटी स्वतःच्या उजव्या हातावर फोडलं. मग एकदाची अ‍ॅम्पची जाळी काढली, स्पीकरच्या कोनवर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर बोटं टेकवली आणि हळूच आत दाबलं. सर्र... लाकडावर सँडपेपर फिरवावा तसा आवाज. कोन हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉईल, घासत होती.

अ‍ॅम्प जुना, ट्रान्झिस्टरचा, ६० वॉटचा. बंद पेटी आणि आत एकच पंधरा इंची स्पीकर. आधी माझा मूर्खपणा सांगून टाकतो. मित्राकडे गाडीतून काढलेला एक पंधरा इंची सबवूफर पडून होता. ‘४०० वॉट झेलतो, घेऊन जा’ म्हणाला. फुकट ते पौष्टिक, म्हणून आणला आणि लावला. आवाज असा आला, जणू अ‍ॅम्पवर कुणी गोधडी टाकलीय.

वॉटचा आकडा स्पीकर किती सोसतो एवढंच सांगतो. किती वाजतो हे सांगणारा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. त्या सबवूफरचा होता ८६. बेस गिटारसाठी बनवलेल्या पंधरा इंचीचा ९७-९८ सहज असतो. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे १२ डेसिबलच्या फरकाला सोळापट. माझे ६० वॉट तिथे जेमतेम चार वॉटांचं काम करत होते.

मग नीट बसलो. जुन्या स्पीकरवरचं लेबल पुसलेलं. मल्टिमीटरने ३.४ ओहम रोध दाखवला, म्हणजे स्पीकर ४ ओहमचा. मीटर नेहमी थोडं कमीच दाखवतो, ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो. ८ चा लावला असता तरी अ‍ॅम्पला धोका नव्हता, पण पॉवर जवळपास निम्मी झाली असती. ४ च्या खाली जाऊन आउटपुट ट्रान्झिस्टर जाळायची हौस मला नाही. (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प असेल तर हे गणित विसरा. तिथे ट्रान्सफॉर्मरवर जेवढे ओहम लिहिलेत तेवढाच लोड द्यायचा, आणि स्पीकर न जोडता चालू तर कधीच करायचा नाही.)

गिटारचा स्पीकरही मोहात पाडत होता. पण त्याचा रेझोनन्स (ज्या कंपनसंख्येला कोन आपोआप जास्त डोलतो ती) ७५ हर्ट्झच्या पुढे, कोनची हालचाल जेमतेम, आणि माझ्या बेसची मोकळी ‘ई’ तार ४१ हर्ट्झची. आवाज वाढवला की तो फडफडणार.

शेवटी दोन स्पीकर उरले. एक निओडिमियम मॅग्नेटचा, तीन किलोंनी हलका. माझी कंबर त्याच्याच बाजूने होती. पण त्याचा क्यूटीएस (कोनची हालचाल किती आवरली जाते ते सांगणारा आकडा) ०.२७, म्हणजे तो भोकाच्या, पोर्टवाल्या पेटीसाठी बनलेला. माझ्या बंद पेटीत खालचा आवाज पातळ पडला असता. दुसरा सिरॅमिक मॅग्नेटचा, जड, क्यूटीएस ०.४५ म्हणजे बंद पेटीला जमणारा, सेन्सिटिव्हिटी ९६. कंबरेची माफी मागून तोच घेतला.

बसवण्याआधी पुठ्ठा कापून मॅग्नेटची खोली तपासली. वरच्या चॅसीपासून दीड बोट जागा उरत होती. आठांपैकी चारच भोकं जुळली, बाकीची नव्याने पाडली. दीड व्होल्टचा सेल टेकवून कोन बाहेर येतो का तेही पाहिलं. एकाच स्पीकरला उलट जोडणीने फरक पडत नाही, पण खात्री केल्याशिवाय मला झोप येत नाही. स्क्रू आवळल्यावर कोन दाबून सोडला, तर तो सावकाश परत आला. गॅस्केट धरलं होतं, हवा कुठून निसटत नव्हती.

पहिलीच ‘ई’ वाजवली आणि पुन्हा खरखर! पोटात गोळा आला. हँडलचा एक स्क्रू सैल होता.

जुना स्पीकर माळ्यावर ठेवलाय. फ्रेम आणि मॅग्नेट ठणठणीत आहेत, सवडीने रिकोन करून, म्हणजे नवा कोन आणि कॉईल बसवून, घेईन.