बिनतिकिटाचा प्रयोग

गोव्यातल्या मांद्र्याच्या एका होमस्टेवाल्या काकांना वेबसाइटचं बिल दिलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नेमकं एकाच ओळीवर बोट ठेवलं. डोमेनचे इतके, होस्टिंगचे इतके, माझ्या कामाचे इतके आणि सॉफ्टवेअरपुढे शून्य. "सॉफ्टवेअर फुकट, मगे तुका पैसे कित्याचे?" प्रश्न रास्त होता. मी परोपरीने समजावलं, पण त्या शून्याचा त्यांना आलेला वास काही गेला नाही. तेव्हापासून मी बिलात ती ओळच घालत नाही.

माझं पोट मात्र त्याच शून्यावर, म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी फुकट सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं. फोंड्याच्या घरी माडीवर एक जुना लॅपटॉप आहे. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, फोटो साफ करायला गिंप, लोगो काढायला इंकस्केप, फाइली सर्व्हरवर चढवायला फाइलझिला, आणि बहुतेक साइटींच्या बुडाशी, साइट उभी करायचं वर्डप्रेस. होमस्टेच्या बाल्कनीच्या फोटोत पाहुण्याचा टॉवेल वाळत असतोच. तो पुसून मागची भिंत बेमालूम सांधायचं काम गिंप विनातक्रार करतं. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, ते काही मांद्र्याच्या टॉवेलांसाठी नव्हे.

पण माझं लाडकं हत्यार कर्ल, पत्ता दिला की तिथला मजकूर आणून देणारं छोटंसं साधन. पावसात वीज गेली की कळंगुटहून फोन येतो, "मॅडम, साइट पडली." मी टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून कर्ल, उणे चिन्ह, मोठा आय आणि साइटचा पत्ता एवढंच टाइप करते. सर्व्हर पान न पाठवता नुसतीच त्याची माहिती धाडतो. पहिल्या ओळीत २०० दिसले की साइट ठणठणीत, नेट गेलंय ते गिऱ्हाइकाचं. ५०३ दिसले तर मात्र चहा बाजूला ठेवावा लागतो. ब्राउझर कधी कधी कालचं साठवलेलं पान दाखवून आपली समजूत काढतो. कर्लला असला गोडवा जमत नाही.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने हे काम सुरू केलं ते चलनाचे दर आणण्यासाठी. चॅटवर कुणी विचारलं की बॉटने, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामने, दर सांगायचा, एवढाच मामला. १९९८ मध्ये त्याला कर्ल हे नाव मिळालं. कळंगुटला जिथेतिथे दुकानाबाहेर डॉलर-पौंडाच्या दरांची पाटी लटकलेली असते, त्यामुळे ही उत्पत्तिकथा मला घरची वाटते. आता कर्ल फोनमध्ये, टीव्हीत, मोटारींच्या स्क्रीनमागेही असतं. परवान्याच्या मजकुरात स्टेनबर्गचं नाव आणि ईमेल येतं, म्हणून गाडीची स्क्रीन बिघडली की काही जण थेट त्यालाच लिहितात. मोटार कंपनीचा पत्ता सापडत नाही, याचा मात्र सापडतो!

असली फुकट साधनं लिहिणारी ही माणसं कोण, असं कुणी विचारलं तर मी त्याला आमच्या गावच्या देवळासमोरच्या मंडपात नेईन. गोव्यात देवस्थानच्या उत्सवाला मराठी नाटक होतं आणि त्याला तिकीट नसतं. तालमी जेवणंखाणं आटोपल्यावर, कारण राजा पतसंस्थेत कारकून आणि सेनापतीचं स्वतःचं गॅरेज. कपडेपट भाड्याचा. बायको कुरकुरते, झोप होत नाही, तरी दर वर्षी मंडळी उभी राहतात. आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर, एक छदाम न दिलेला प्रेक्षक ऐटीत सांगतो, "यंदाचा संभाजी काही रंगला नाही." फुकट साधनांच्या तक्रारवहीत डोकावलं तर हाच प्रेक्षक भेटतो. हे अजून दुरुस्त का नाही, दोन वर्षं झाली, तुम्ही झोपलात काय? समोरचा माणूस दिवसभराची नोकरी करून रात्री बसतो, हे त्याच्या गावीही नसतं.

अशा नाटकात पडद्याची दोरी ओढणारा एक जण असतो. पत्रिकेत त्याचं नाव शेवटी, कधी तेही नाही. तो एखाद्या वर्षी थकला, आणि कुणी परका गृहस्थ "द्या इकडे, मी ओढतो" म्हणत पुढे आला, तर? २०२४ मध्ये जवळपास असंच घडलं. एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं साधन आहे. बहुतेक लिनक्समध्ये ते असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते एकहाती, बिनपगारी सांभाळत होता आणि दमला होता. जिया टान या नावाने कुणीतरी मदतीला आलं. कामं नीट केली, सलग दोन वर्षं. मधूनच अनोळखी नावांची पत्रं यायची: कामं रखडतात, दुसऱ्याच्या हाती द्या. दोरी हळूहळू जिया टानच्या हाती गेली, आणि त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. सर्व्हरात दुरून शिरायची वाट त्यातून उघडणार होती.

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, तेही वेगळंच काहीतरी मोजत असताना. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढं त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे वेबसाइट उघडायला दहा सेकंद लागले तरी माणसं दरम्यान बिस्किट खाऊन घेतात. त्याने धागा सोडला नाही, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा दुष्टाने बसवला हे खरंच, पण दमलेल्या माणसावर ओरडणाऱ्या प्रेक्षकाच्या आवाजात त्याचा आवाज बेमालूम खपला, हे मला जास्त टोचतं.

काही जण मोबदला मागतात, पण स्वतःसाठी नाही. विम हा मजकूर लिहायचा प्रोग्राम नुसता उघडला की पडद्यावर विनंती दिसते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. (त्यातून बाहेर कसं पडायचं हे न कळल्याने पुष्कळ जण खिडकीच बंद करतात, तो भाग वेगळा.) ब्राम मोलेनार १९९१ पासून विम सांभाळत आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, पुढची ९.१ आवृत्ती त्याच्या नावे अर्पण झाली. विनंती आजही तिथेच आहे.

उलट आमच्या धंद्यातले काही जण वर्डप्रेसवर स्वतःचं बोधचिन्ह चिकटवून "आमचं खास सॉफ्टवेअर" म्हणून मोठा आकडा लावतात. वर्डप्रेस ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्याची पैसे घेण्याला हरकत नाही, मीही घेतेच. पण पत्रिकेवरची नटांची नावं खोडून आपलं छापायचं, याला काय म्हणावं?

सध्या मी एका देवस्थानची साइट करतेय. समितीत निवृत्त मराठी मास्तर आहेत. पहिलं पान दाखवलं तर त्यांनी ना रंग बघितले, ना फोटो. "हा ल आपला नव्हे." बरोबरच होतं. अक्षरं नोटो फॉन्टची, आणि तिथे हिंदी वळणाचा दंडवाला ल उमटला होता. मी पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला. अगदी पहिल्या टॅगमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या खुणेत, भाषेची नोंद तयार साच्याबरोबर (थीमबरोबर) आलेली, इंग्रजी. तिथली ई आणि एन काढून मराठीची एम आणि आर ही दोन अक्षरं टाकली, पान ताजं केलं, आणि लक्ष्मीपासून मंगलापर्यंत सगळ्या ल ना पाकळ्या फुटल्या. श ला देठ आला. दोन्ही रूपं फॉन्टात आधीपासून बसलेली होती. कुणीतरी बसून मराठीचा ल वेगळा काढला होता, तो कुठे उमटवायचा याचा नियम लिहिला होता, आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली सगळं सोडून दिलं होतं. त्यातली एक अट अशी की नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही.

मास्तर खूश झाले, म्हणजे लगेच पुढची चूक शोधायला लागले. देणगीच्या फॉर्मवरची बटणं इंग्रजीत होती. तो फॉर्म वर्डप्रेसला जोडायच्या एका मोफत प्लगइनचा, आणि त्याचा मराठी अनुवाद अर्धवट. मग काय, मास्तर फोनवर शब्द सांगत गेले आणि मी ते वर्डप्रेसच्या अनुवादाच्या पानावर सुचवत गेले. "पुढे जा" नको, "पुढील" लिही. "सादर करा" सरकारी वाटतं, "पाठवा" बरं. सगळे शब्द आता मंजुरीच्या रांगेत आहेत. मास्तर रोज सकाळी विचारतात, "झालं का?" मी सांगते, मंजुरी देणाराही पगारी नाही, रात्री जेवण झाल्यावर बसत असेल. "मग रात्री विचारतो," म्हणतात.