एक्कावन्न हर्ट्झची गुणगुण

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त अभियंते रिक्षाने माझ्या स्टुडिओत आले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून त्यांनी अठरा सेंटिमीटरचे एक रीळ टेबलावर ठेवले. पुठ्ठ्याच्या खोक्यावर निळ्या शाईने, ड्रॉइंग बोर्डावर घोटलेल्या अक्षरात, ‘रॉकपालास्ट, २३-७-७७’ एवढेच लिहिलेले होते. जुनी रिळे आणि कॅसेट डिजिटल करून देणे हा माझा व्यवसाय आहे. पुण्यात माझ्याकडे येते ते बहुतेक नाट्यसंगीत, कीर्तने, घरगुती मैफली आणि मुंजी-लग्नांतले आवाज. या काकांचीही आकाशवाणीवरून घेतलेल्या नाट्यपदांची चार रिळे मी पूर्वी उतरवून दिली होती, त्यामुळे हे पाचवे रीळ आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रॉरी गॅलहर याचे आहे, असे त्यांनी सांगितले तेव्हा मला क्षणभर काही बोलता आले नाही. गॅलहर मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो आहे.

१९७७ साली काका कंपनीच्या प्रशिक्षणासाठी पश्चिम जर्मनीत, एसेनपासून तासाभराच्या अंतरावर राहत होते. त्या २३ जुलैला, शनिवारी रात्री, एसेनच्या ग्रूगाहाले या सभागृहात ‘रॉकपालास्ट’ या दूरचित्रवाणीवरील रॉक संगीताच्या कार्यक्रमाचा पहिला रात्रभर चालणारा महोत्सव झाला. पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीने तो युरोव्हिजनच्या जाळ्यातून अनेक देशांत थेट दाखवला. त्या रात्री गॅलहर, लिटल फीट हा अमेरिकी बँड आणि अमेरिकी गायक-गिटारवादक रॉजर मॅग्विन यांचे कार्यक्रम झाले. टीव्हीचा आवाज त्या काळी मोनो असे, म्हणून तोच कार्यक्रम रेडिओवरून स्टिरिओत प्रसारित केला जात होता. काकांनी घरमालकांच्या टीव्हीचा आवाज बंद केला, रेडिओ लावला आणि त्याला सहकाऱ्याकडून मागून आणलेला टेपरेकॉर्डर जोडला.

ही मैफल हरवलेली नव्हती, हे मला ठाऊक होते. तिचे मूळ चित्रीकरण जपले गेले आहे आणि ते डीव्हीडीवरही आले आहे. तरीही काकांना त्यांचेच रीळ ऐकायचे होते, आणि त्यात मला काहीही वावगे वाटले नाही.

रिळावर पांढरी बुरशी होती. पुण्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या टेपला ती धरतेच. मास्क आणि हातमोजे घालून, वेगळ्या खोलीत, मऊ कापडातून टेप अगदी हळू फिरवत ती पुसायला दोन दिवस गेले. सुरुवातीच्या लीडरचा, म्हणजे टेपच्या टोकाला जोडलेल्या कोऱ्या पट्टीचा जोड डिंक वाळून सुटला होता, तो नव्याने केला. टेप ‘डबल प्ले’ प्रकारची, म्हणजे फार पातळ होती. अशी टेप वर्षानुवर्षे गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचे चुंबकीय ठसे शेजारच्या वेढ्यावर उमटतात, आणि या रिळात जर्मन निवेदकाचा आवाज खरोखर सुरू होण्याच्या पाच-सहा सेकंद आधीच, भिंतीपलीकडून आल्यासारखा, पुसट ऐकू येत होता. टेप तीन-चार वेळा पुढे-मागे फिरवल्यावर तो बराच कमी झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले. त्यांच्यासमोर मी टेप रेव्हॉक्स बी ७७ या रीळ वाजवणाऱ्या यंत्रावर चढवली, वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरवर ठेवला, हेडचा कोन कानाने जुळवला आणि रेकॉर्डिंग संगणकात घ्यायला सुरुवात केली. गेरी मॅकअवॉयचा बास, रॉड डीॲथचे ड्रम्स, लू मार्टिनची पियानोची बोटे, आणि त्या सगळ्यावर त्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा खरखरीत, किंचित फाटलेला स्वर! ती १९६१ सालची गिटार गॅलहरने १९६३ मध्ये कॉर्कच्या एका दुकानातून जेमतेम पंधरा वर्षांचा असताना घेतली होती. तिचा रंग इतका उडाला होता की खालचे लाकूड दिसत असे, आणि ती त्याने आयुष्यभर सोडली नाही. १९९५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो गेला. काका डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या गाण्याला ते म्हणाले, “अहो, याचा आवाज जरा बारीक झालाय का? हा इतका कोवळा गात नव्हता.”

मी त्यांना नम्रपणे सांगितले की यंत्राचा वेग मी त्याच सकाळी चाचणी-टेपवर तपासला आहे, आणि इतक्या वर्षांनी स्मरण थोडे सरकणे स्वाभाविक आहे. ते “असेल, असेल” म्हणाले आणि जेवायला घरी गेले. हे बोलून मी चूक केली होती.

दुपारी मी साफसफाईला बसलो. गाण्यांच्या मधल्या शांततेत एक खोल गुणगुण होती. विजेच्या प्रवाहाची अशी गुणगुण जवळजवळ प्रत्येक घरगुती टेपवर असते, आणि तिच्यासाठी माझा फिल्टर ठरलेला आहे: ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० कंपने, आणि त्यापुढचे १०० आणि १५०. मी तो लावला आणि गुणगुण जागची हलली नाही. आलेख मोठा करून पाहिला, तेव्हा तिची रेघ ५० वर नव्हतीच. ती ५१ वर होती.

माझ्या यंत्राने निर्माण केलेली गुणगुण ५० वर दिसली असती. म्हणजे ही टेपवरच होती. युरोपातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते आणि ती पूर्ण एका हर्ट्झने सहसा ढळत नाही. मग याचा अर्थ एकच होता, की त्या रात्री तो मागून आणलेला टेपरेकॉर्डर दोन टक्के हळू चालत होता, आणि म्हणून माझ्या अचूक यंत्रावर सगळी मैफल दोन टक्के जलद, साधारण तृतीयांश अर्धस्वराने वर चढून वाजत होती. गॅलहर कोवळा गात नव्हता; टेप धावत होती. काकांचा कान बरोबर होता.

पण एक प्रश्न उरला होता, आणि त्यासाठी मी पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. मैफलीच्या मध्यावर गॅलहर इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून अकूस्टिक गिटार घेतो. त्या गाण्यांत गुणगुण जवळजवळ नाहीशी होत होती, आणि स्ट्रॅटोकास्टर परत हातात आली की तीही परत येत होती. रेडिओचा किंवा टेपरेकॉर्डरचा दोष असता तर तो कुठली गिटार वाजते आहे हे पाहून थांबला नसता. स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारे चुंबकीय भाग, एकेरी वेटोळ्याचे असतात आणि आसपासच्या विजेच्या तारांची, दिव्यांची गुणगुण ते ओढून घेतात. मी दोष समजून जे पुसायला निघालो होतो, ते त्या व्यासपीठावरून, त्या वाद्यातून आलेले होते. आणि त्याच गुणगुणीने मला टेपचा खरा वेग दाखवला होता. सकाळीच ती पुसून टाकली असती तर काकांचे म्हणणे खरे ठरवायला या टेपवर काहीही उरले नसते.

फिल्टर काढला, वेग दोन टक्क्यांनी उतरवला आणि ती रेघ ५० वर येऊन थांबली. अधिकृत डीव्हीडीशी ताडून पाहण्याचे तेव्हा कुठे सुचले. दहा मिनिटांचा एक भाग शेजारी ठेवला, तर दोन्ही अखेरपर्यंत बरोबर चालले.

संध्याकाळी मी काकांना फोन करून क्षमा मागितली आणि कारण सांगितले. ते ताबडतोब आले, छत्रीही न उघडता. या वेळी मी आवाज मोठा ठेवला. पहिल्या सुरापूर्वीच्या त्या काही सेकंदांत सभागृहातील गर्दीखाली ती गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती. काकांनी तर्जनी उचलली आणि हळूच म्हणाले, “हां. आता खालीच लागलाय सूर.”

रिळाच्या दुसऱ्या बाजूला लिटल फीटचा कार्यक्रम आहे. एका गाण्याच्या मध्यात टेप संपते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “एकच रीळ घ्यायला पैसे होते हो. पुढचं नुसतं ऐकलं, उजाडेपर्यंत.”