पहिली कस्टम मोटारसायकल घडवताना

मोटारसायकल मनासारखी घडवायची ठरले की नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी तिचे रूप उभे राहते: कॅफे रेसर शैलीचे खाली झुकलेले हँडल, बॉबर शैलीचे आखूड मडगार्ड, स्क्रॅम्बलर शैलीचे उंचावरून गेलेले सायलेन्सर. त्या रूपाची ओढ मलाही आहे आणि तिच्याशिवाय या छंदात कोणी टिकत नाही. तरीही नागपुरात या कामाला हात घालू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगतो, की पहिल्या गाडीत केलेला प्रत्येक बदल पान्याने सोडवून ती मूळ रूपात परत आणता आली पाहिजे. चेसीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, ग्राइंडर चालवण्याची वेळ पुढे कधीतरी येईल. पहिल्या गाडीवर ती आणू नये.

गाडी निवडताना मी जुनी स्प्लेंडर सुचवतो. तिचे ९७.२ सीसीचे इंजिन समजायला सोपे आहे आणि तिचे सुटे भाग इतवारीपासून काटोलपर्यंत कुठेही मिळतात. बुलेटला हौशी सामान सर्वांत जास्त मिळते, मात्र तिचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. यामाहाच्या आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. मूळ अवस्थेतील ती गाडी हाती लागली, तर तिची काळजीपूर्वक दुरुस्ती करावी आणि प्रयोगासाठी दुसरी गाडी शोधावी, असे माझे ठाम मत आहे. नागपूरचा नंबर एमएच-३१ चा असो, ४९ चा असो वा ४० चा, नोंदणी पुस्तिकेवरील चेसी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचून ताडून घ्यावेत. नोंदणीला १५ वर्षे झाली असतील, तर पुनर्नोंदणी झाली आहे की नाही हे पाहूनच पैसे द्यावेत.

कायद्याची बाजू सुरुवातीलाच समजून घेणे गरजेचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. रंगाचीही नोंद असते, त्यामुळे तो बदलल्यास आरटीओला कळवावे लागते. गाडी हलकी दिसावी म्हणून बहुतेक जण सर्वप्रथम साडीगार्ड आणि मागच्या माणसाची पकड काढतात, पण त्या दोन्ही गोष्टी नियमाने बंधनकारक आहेत आणि त्यामागे कोणाची तरी सुरक्षितता आहे. सायलेन्सरबद्दल तर वाद घालण्यासारखे काहीच नाही: १७५ सीसीवरील मोटारसायकलसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे आणि रामदासपेठेतील रुग्णालयांसमोरून फटाके फोडत जाणाऱ्या गाडीला मी कारागिरी मानत नाही.

चेसीला हात लावू नये असे म्हणण्यामागे कायद्याइतकेच भूमितीचेही कारण आहे. पुढचे चाक धरणारा फोर्क उभ्या रेषेशी किती अंशांनी कललेला आहे आणि त्यामुळे चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू हँडलच्या अक्षरेषेच्या किती मागे पडतो, यावर गाडीचे सरळ धावणे आणि वळणे अवलंबून असते. कोन वाढवला की गाडी महामार्गावर स्थिर वाटते, पण सीताबर्डीच्या गर्दीत जड होते. मागचे शॉक ॲब्सॉर्बर आखूड केले तरी हाच परिणाम होतो, कारण मागची बाजू खाली बसल्यावर फोर्क आपोआप अधिक कलतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारच्या लोखंडाचे गुणधर्म बदलतात आणि पुढे तडा बहुधा तिथेच जातो. हिंगणा एमआयडीसीत लेथवर उत्तम बुश आणि स्पेसर (भागांमध्ये बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या) करून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे मोजमाप घेऊन जावे, चेसी घेऊन जाऊ नये. वेल्डिंग खरोखर शिकायचे असेल, तर आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर अभ्यासक्रम आहे. पेट्रोलची टाकी मात्र घरी कधीही वेल्ड करू नये, कारण रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते.

सुरुवात गाडी आहे तशी नीट चालवण्यापासून करावी. कोनसेट (हँडल फिरते ती बेअरिंग), चाकांची बेअरिंग, ब्रेक शू, चेनसेट आणि वायरिंग आधी निर्दोष करून घ्यावे, म्हणजे पुढे बिघाड झाला तर तो नव्या बदलातून आला आहे, हे लगेच कळते. वायरींचा प्रत्येक कपलर (जोड) सुटा करण्यापूर्वी छायाचित्र काढावे आणि नटबोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवावेत.

नागपूरच्या हवामानाचा सर्वांत मोठा प्रश्न हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये येतो. मूळ एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा फिल्टर लावला की हवा अधिक येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापते. मेच्या दुपारी हे पिस्टन चिकटण्यापर्यंत जाऊ शकते. त्यासाठी मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा भाग) घालावा लागतो, पण तो कोणत्या ऋतूत ठरवला यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे हिवाळ्यातील १० अंशांची पहाट आणि ४५ अंशांची दुपार यांत हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी कमी-जास्त होते. मेमध्ये अचूक बसवलेले मिश्रण जानेवारीत पातळ पडते, म्हणून थोडा जादा पेट्रोलचा कल ठेवावा आणि ऋतू पालटल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य, पांढराफटक दिसल्यास जेट वाढवावा. खरे तर पहिल्या गाडीसाठी मूळ एअर बॉक्स ठेवणेच शहाणपणाचे.

वायरिंगलाही ऊन भोवते. साध्या पीव्हीसी टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळून चिकट होतो, त्याऐवजी कापडी टेप वापरावी. १२ व्होल्टवर ६० वॅटचा हेडलाइट ५ अँपिअर प्रवाह घेतो, तेव्हा तो जुन्या स्विचमधून नेण्याऐवजी स्वतंत्र रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूजवर द्यावा. हे काम सीटखाली झाकले जाते आणि त्याचे कौतुक कोणी करत नाही, तरी एखाद्या गाडीचे सीट उचलून आतली वायरिंग पाहिली की ती घडवणाऱ्याचा हात मला लगेच कळतो.

हँडल, सीट, दिवे, मडगार्ड आणि रंग यांतून गाडीचे रूप पुष्कळ पालटते. सीटचा पाया फायबरचा करून मूळ बोल्टवरच बसवावा. हँडल बदलल्यावर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात नाही ना, हे इंजिन चालू ठेवून तपासावे. वळवताना इंजिनचा वेग वाढला तर केबल आखूड आहे. टूके पीयू (दोन घटक मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन) रंगातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने तो पेंटरकडूनच मारून घ्यावा. गाडी उभी राहिली की पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने थोडेच अंतर चालवून परत यावे, सगळे बोल्ट, स्पोक आणि चेनचा ताण तपासावा, आणि मगच तिला वर्धा रोडवर न्यावे.