लाल फोन, जो कधी नव्हताच

शुक्रवार, रात्रीचे साडेबारा

निकाल दुपारी लागला. आंतरराष्ट्रीय संबंध, पदवी, आणि त्यापुढे 'ऑनर्स'. पान तीनदा उघडलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा क्रमांक टाकला नाही ना हे पाहिलं आणि सरळ झोपून गेले. चार तास. आनंद झाला नाही असं नाही, पण तो अजून पोचायचाय. निरोप उशिरा पोचणं हा तसाही माझ्या प्रबंधाचाच विषय.

आईला फोन केला. "म्हणजे पहिली आलीस?" म्हटलं, "नाही गं. गुण तर लागतातच, पण शेवटच्या वर्षी स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा आणि तो तोंडी परीक्षेत निभावायचा, तेव्हा ऑनर्स." ती दोन क्षण गप्प. मग, "बरं, मग पहिलं कोण आलं?"

या विषयाचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. तिसरं महायुद्ध होणार का, आणि तू राजदूत होणार का. पहिल्या वर्षी मी दोन्हींची उत्तरं द्यायचे, तीही ठामपणे. तेव्हा मी कडवी वास्तववादी होते. राष्ट्रांच्या वर कुणी पोलीस नाही, म्हणून ज्याने-त्याने आपापलं बळ वाढवायचं, संपलं. हे कळल्यावर सगळं जगच कळल्यासारखं झालं होतं. मैत्रिणीने नोट्स द्यायला टाळाटाळ केली तर त्यातही मला सत्तासंतुलन दिसायचं. दुसऱ्या वर्षी राष्ट्रांना सहकार्यही जमतं म्हणणारा उदारमतवाद आला, मग राष्ट्रांचं वागणं त्यांच्या समजुतींतून घडतं म्हणणारा रचनावाद आला, आणि प्रत्येक सत्रात माझं मत बदलत गेलं. त्या काळातले निबंध परवा काढून वाचले. भाषा झकास आहे. तपासून पाहता येईल असं वाक्य मात्र एकही नाही.

प्रबंधासाठी मी पहिल्यांदा विषय दिला होता 'शीतयुद्धकाळातील महासत्तांचे संबंध'. माझ्या मार्गदर्शक सरांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, "हा प्रबंध नाही, हे ग्रंथालय आहे." राग आला होता. मग महिनाभर विषय तासत तासत एका तारेवर येऊन थांबले: वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली हॉटलाइन, म्हणजे दोन्ही सरकारांना थेट निरोप धाडता यावा म्हणून टाकलेली खास लाइन.

ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडलेली, जग टांगणीला लागलेलं. २६ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना लांबलचक पत्र लिहिलं. ते मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत दिलं, तिथे त्याचा अनुवाद, मग तुकड्यातुकड्याने रवानगी. पूर्ण पत्र वॉशिंग्टनला पोचेपर्यंत जवळजवळ बारा तास गेले. तिकडे सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी पुढे आठवणींत लिहिलं की त्यांच्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा एक पोरगा सायकलवर यायचा. त्या सायकलवाल्या पोरापाशी मी बराच वेळ रेंगाळले. तो वाटेत चहाला थांबला असता तर, असा एक परिच्छेदही लिहिला होता. सरांनी खोडला. २८ तारखेला तर ख्रुश्चेव्ह यांचं उत्तर वेळ वाचवायला थेट मॉस्को रेडिओवरूनच वाचून दाखवलं गेलं.

म्हणून २० जून १९६३ रोजी जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला लाइन सुरू झाली. माझ्या पहिल्या मसुद्यात इथे वाक्य होतं, "आता राष्ट्राध्यक्षांना केवळ लाल फोन उचलायचा होता." सरांनी 'लाल फोन'भोवती गोल केला आणि विचारलं, "हा कुठे पाहिलास?"

कुठे पाहिला होता? सिनेमात, व्यंगचित्रांत, कुठेतरी. दोन दिवस कागदपत्रं उपसली. फोन नव्हताच. टेलिप्रिंटर होता, म्हणजे इकडे टंकलेला मजकूर तारेवरून जाऊन तिकडे कागदावर छापणारं यंत्र. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा वळसे घेत जाणारा तारमार्ग, आणि अमेरिकेच्या बाजूचं यंत्र व्हाइट हाउसमध्ये नाही, पेंटॅगॉनमध्ये, संरक्षण खात्याच्या मुख्यालयात. पहिला चाचणी संदेशही राजकारणाचा नव्हता. चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, हे इंग्रजीतलं सगळी अक्षरं असलेलं वाक्य, पुढे आकडे. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं, अनुवाद ज्याचा त्याने करायचा.

आवाज मुद्दामच नको होता. बोलताना स्वर चढतो, दुभाषा घाईत चुकतो, तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. कागदावर आलेला मजकूर चार जणांना दाखवता येतो, त्यावर रात्र काढता येते. म्हणजे निरोप झटकन पोचावा आणि उत्तर मात्र सावकाश यावं, अशी ती व्यवस्था होती. माझ्या एका चुकीच्या वाक्यातून हे हाती लागलं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण पूर्ण त्यावर उभं आहे.

तिसऱ्या प्रकरणाने मात्र रडवलं. युद्धं का होतात यावरचा राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरन यांचा १९९५ चा लेख वाचला आणि हातपाय गळाले. त्यांचं म्हणणं असं, की आपलं बळ किती आणि आपण कुठवर ताणणार हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि ते फुगवून सांगण्यात प्रत्येकाचा फायदा असतो. मग तार कितीही वेगवान असो, त्यावरून थापही तितक्याच वेगाने जाणार! माझ्या हॉटलाइनचा उपयोग काय उरला? तीन आठवडे एक ओळ पुढे सरकली नाही. त्या दिवसांत मी संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त करत बसायचे. हे काम करताना आपण अभ्यास करतोय असं छान वाटतं.

वाट सापडली ती १९६७ च्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धात. ८ जूनला इस्रायलने अमेरिकेच्या 'लिबर्टी' या जहाजावर हल्ला केला, त्यात ३४ जण मेले. अमेरिकेने विमानवाहू जहाजावरून तिकडे विमानं पाठवली. भूमध्य समुद्रात सोव्हिएत आरमारही होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हॉटलाइनवरून सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना कळवलं की ही विमानं फक्त जहाजाची चौकशी करायला निघाली आहेत. हा निरोप विश्वासावर सोडायची गरज नव्हती. विमानं कुठे जातात ते समोरच्याला दिसणारच होतं.

उलट १९६२ मध्ये तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याची बोली झाली ती २७ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी आणि दोब्रिनिन समोरासमोर बसले तेव्हा. ती गोष्ट लेखी द्यायला अमेरिकेची तयारीच नव्हती. त्यामुळे माझं मत असं झालं, आणि आजही आहे, की हॉटलाइन अपघात टाळण्यासाठी चांगली, भांडण मिटवण्यासाठी नाही. सत्तर पानांत मी म्हटलंय ते एवढंच.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या निम्म्या गोष्टीची भाषा तुम्हाला येते का?" रशियन मला नाही येत. सोव्हिएत बाजू मी अनुवादांतून आणि खुल्या झालेल्या अमेरिकी कागदांतून वाचली. तसं सांगितलं. प्रस्तावनेत हे लिहिलं होतं, पण प्रस्तावनेत लिहिणं आणि समोर बसून कबूल करणं यात फार फरक आहे. कान तापले होते.

मग दुसरा प्रश्न. "हॉटलाइनमुळे एखादं युद्ध टळलं?" पहिल्या वर्षाच्या मीने ताडकन 'हो' म्हटलं असतं. मी म्हटलं, "न झालेल्या युद्धाचा पुरावा माझ्याकडे नाही. विमानं कशासाठी उडाली हे त्या दिवशी समोरच्याला कळवलं गेलं, एवढं दाखवता येतं." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कधी कळणार नाही.

संध्याकाळी सरांना निकाल कळवला. आत्ता त्यांचं उत्तर आलं. "अभिनंदन. पान ४१ वरची तळटीप अजून चुकीची आहे."

उठून पाहिलं. हॉटलाइन १९७१ मध्ये उपग्रहावरून सुरू झाली, असं लिहिलंय मी. १९७१ मध्ये झाला तो करार. उपग्रह जोडणी प्रत्यक्षात चालू झाली १९७८ मध्ये. आणि प्रबंधाची बांधलेली प्रत ग्रंथालयात गेलीसुद्धा.

सोमवारी जाऊन येते. पेन्सिल चालत असेल.